आमच्या घरची वजाबाकी

थॉर्नली ब्रिज,
नोव्हेंबर संपत आला, २०१९

आदरणीय विनीताई यांस,

मेहुणा डेरिक याचा टोपी काढून नमस्कार. वि. वि. इकडे सर्व ठीक आहे, म्हणजे छप्पर जागेवर आहे आणि मी छपराखाली आहे. तुमचा गुडघा काय म्हणतो? स्कारबरोचा समुद्रावरचा वारा गुडघ्यांना वाईट, असं आमचे डॉक्टर म्हणतात (ते स्वतः सुट्टीत तिथेच येतात). मांजरीचं पोट बरं झालं का? ऑड्रे तुमच्याकडे राहायला आल्याला आता बरेच दिवस झाले, पण मी त्याबद्दल लिहीत नाहीये. धाकट्या बहिणीने थोरलीकडे राहावं, जितकं हवं तितकं राहावं, त्यात माझं काय जातं? मी आपला सहज, ख्यालीखुशाली कळवावी म्हणून लिहायला बसलो. बसलो म्हणजे, तीनदा उठून दारापर्यंत जाऊन आलो, कारण फाटक वाजल्यासारखं वाटलं. वाराच होता.

विनीताई, इतकी वर्षं आम्ही नवराबायको दर निवडणुकीच्या दिवशी तुमच्याकडे का येतो, असं तुम्ही कधी विचारलं नाहीत. हा तुमचा मोठेपणा. तुम्हाला वाटलं असेल, प्रेमापोटी येतात. प्रेम होतंच, पण खरं कारण वजाबाकीचं होतं. माझे वडील खाणीतले, म्हणजे मी जन्मजात मजूर पक्षाचा. तुमचे वडील खाटकाचं दुकान चालवणारे, दुकानात राणीचा फोटो, म्हणजे ऑड्रे जन्मजात हुजूर पक्षाची. लग्नानंतरच्या पहिल्याच निवडणुकीला आम्ही पावसात भिजत मतदानाला गेलो, एकमेकांचं मत खोडून परत आलो आणि दोघांनाही सर्दी झाली. तेव्हा ऑड्रेच म्हणाली, "अरे, उत्तर शून्यच यायचं असेल तर भिजायचं कशाला?" तेव्हापासून आमचा करार झाला की मतदानाच्या दिवशी दोघांनीही जायचं नाही. त्याऐवजी बसने स्कारबरोला यायचं, बंदरावर तळलेला मासा नि बटाटे खायचे आणि मग तुमच्याकडे चहा. (अशी जोडी लावून घरी बसणारे या गल्लीत आम्ही एकटेच नाही, पण बाकीचे कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याशी लावतात. बायकोशी लावण्याचं धाडस आम्हीच केलं.) दोन हजार सोळाच्या जूनमध्ये युरोपात राहायचं की बाहेर पडायचं याचं सार्वमत झालं, तेव्हाही आम्ही तुमच्याकडेच होतो. तुम्हाला वाटलं, तुमच्या वाढदिवसाला आलो. क्षमा असावी. केक मात्र उत्तम होता.

आता इथून पुढे सगळं नासलं. बाहेर पडायचं ठरलं, आणि तीन वर्षं झाली तरी देश उंबऱ्यात एक पाय आत, एक पाय बाहेर करून उभा. माझं म्हणणं असं की एकदा कौल लागला, विषय संपला. हरलेल्याने पुन्हा फासे मागायचे नसतात. ऑड्रेचं म्हणणं असं की लग्नाआधी मुलगा एकदा बघितला आणि नंतर कळलं की त्याने दात काढून ठेवले होते, तर पुन्हा विचारायला नको का? (ही उपमा तिने माझ्याकडे बघून दिली. माझे दात तेव्हा माझेच होते.) आणि आता या डिसेंबरच्या निवडणुकीत पक्षांनी काय करून ठेवलंय पाहा. पुन्हा सार्वमत घेऊ असं म्हणतो मजूर पक्ष, आणि एकदाचं उरकून टाकू असं म्हणतो हुजूर पक्ष. म्हणजे मी माझ्या बापाचा पक्ष सोडायला निघालो आणि ऑड्रे तिच्या बापाचा. तुम्ही म्हणाल, मग काय बिघडलं? दोघांनी उड्या मारल्या, उत्तर पुन्हा शून्यच. हिशेबाने बरोबर आहे. पण ताई, घरात हिशेबाने चालतं का?

आमच्या पुढच्या खोलीला दोन खिडक्या आहेत. डावीत माझा मजूर पक्षाचा लाल फलक, उजवीत तिचा हुजूर पक्षाचा निळा, ही रीत. या खेपेला मी निळा फलक आणायला गेलो. आता निळ्यांच्या कचेरीत मला कोणी पाहिलं असतं तर उद्या गावभर झालं असतं, म्हणून कॉलर वर करून गेलो, फलक गुंडाळी करून घेतला आणि तसाच बँडच्या सरावाला पोचलो. आमचा बँड खाणीच्या काळचा. खाण गेली, बँड राहिला, आणि त्यात निळ्या रंगाचा रुमालसुद्धा कोणी काढत नाही. कोटातून गुंडाळीचं टोक दिसायला लागलं म्हणून मी ती घाईघाईने माझ्या युफोनियमच्या कर्ण्यात कोंबली (ते मांडीवर घेऊन वाजवायचं पितळी धूड, तुम्ही पाहिलंय). नाताळचं गाणं सुरू झालं. माझी पाळी आली, मी जीव तोडून फुंकलं, आणि आतून म्हातारा बैल खोकावा तसा आवाज निघाला. सगळे थांबले. शेजारी बसणारा स्टॅन्ली, माझा बालमित्र, म्हणाला, "थांब, तुझ्या घशात काहीतरी अडकलंय," आणि त्याने हात घालून फलक बाहेर ओढला, सगळ्यांसमोर उलगडला. इतकी शांतता मी अंत्यविधीतही पाहिली नाही.

स्टॅन्ली म्हणाला, "डेरिक, तुझा बाप असता तर याच धुडात तुला घालून त्याने फुंकलं असतं." मी म्हणालो, "बाप असता तर त्याने तरी काय केलं असतं, सांग ना!" त्याने फलक गुंडाळून माझ्या हातात दिला. निघताना मात्र मागच्या ओळीतला ट्रॉम्बोनवाला जवळ आला आणि छताकडे बघत पुटपुटला, "आणखी एखादा आहे का? माझ्यासाठी नाही, एकाला हवाय." म्हणजे बघा काय दिवस आलेत.

दुसऱ्या दिवशी ऑड्रे दुकानात गेल्याचं पाहून मी डाव्या खिडकीत निळा लावला. तिने माझ्या आधीच, पहाटे उठून, उजवीत लाल लावलेला! गल्लीला वाटलं, आम्ही सग्डनांनी नुसत्या खिडक्या बदलल्या. आम्ही फुटपाथवर उभे राहून ते ध्यान पाहिलं आणि खरं सांगतो, दोघांनाही हसू आवरेना. तिथेच थांबलो असतो तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

पण रविवारी जेवायला मुलगी लिन आणि जावई आले. मी मटण कापता कापता नेहमीचं चालू केलं, की लोकांनी एकदा सांगितलंय, पुन्हा पुन्हा तेच काय विचारायचं? तर जावई (चांगला मुलगा आहे, पण तोंडाला झाकण नाही) म्हणाला, "बाबा, पण त्या सार्वमतात तुम्ही दोघांनी काय मत दिलं होतं?" मी सुरी खाली ठेवली. ऑड्रेने काटा खाली ठेवला. आणि ती अगदी हळू म्हणाली, "आम्ही मासे खात होतो." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू म्हणतोस पुन्हा कशाला. अरे, माझं कुठलं पुन्हा? माझं तर पहिलंच असेल. अख्खा जन्म गेला, माझं एक मत कधी मोजलं गेलं नाही." मी म्हणालो, माझंही नाही गेलं. आणि शिवाय (इथे मी शेण खाल्लं) ही कल्पना मुळात तुझीच होती. ती उठली, वर गेली, बॅग भरली आणि तुमच्याकडे आली. पुडिंग तसंच राहिलं.

तेव्हापासून मला कुठे बसवत नाही. चहा दोघांचा करतो आणि एक ओततो. प्रचारवाले येतात त्यांना घरात घेतो. काल लाल, निळे आणि उदारमतवादी असे तिघे एकाच वेळी स्वयंपाकघरात बसून बिस्किटं खात होते, कुणी मत विचारायची हिंमत करेना. युफोनियमला हात लावलेला नाही. दोन्ही फलक अजून खिडकीत आहेत. माझा दोनदा काढायला गेलो आणि हात आखडला, कारण मग तिचा एकटाच दिसेल. असो. हे सगळं सहज लिहिलं. ऑड्रेला माझं पत्र आल्याचं सांगितलंच पाहिजे असं नाही, पण सांगितलंत तर चालेल.

कळावे, तुमच्या गुडघ्याला आराम पडो,
आपला,
डेरिक सग्डन

ता. क. गावच्या क्लबात मी सांगितलंय की तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून ऑड्रे सेवेला गेली. स्टॅन्ली फोन करील, तेव्हा जरा कण्हावं ही विनंती.

ता. क. दुसरा. लिन बोलता बोलता बोलून गेली की ऑड्रेने टपालाने मत द्यायचा अर्ज केला आहे आणि मतपत्रिका तुमच्या पत्त्यावर येणार. म्हणजे ती मतदानाच्या गुरुवारीही इकडे येणार नाही. ताई, पत्र लिहिलं ते एवढ्याचसाठी. ते पाकीट आलं की पावाच्या डब्यात लपवून ठेवा. मग मत द्यायला तिला इकडे यावंच लागेल.

ता. क. तिसरा. लपवू नका! लिनला विचारलं, ती ओरडली; तो गुन्हा आहे आणि मग तिला कुठेच मत देता येणार नाही. आलं की लगेच तिच्या हातात द्या. पण लिन असंही म्हणाली की भरलेलं पाकीट गुरुवारी आमच्या चर्चच्या हॉलमधल्या मतदान केंद्रात स्वतः नेऊन दिलं तरी चालतं. तेव्हा तिला सांगा, नाताळच्या गर्दीत टपालाचा भरवसा नाही, हातानेच नेलेलं बरं. मी बस थांब्यावर उभा असेन. आत माझ्याविरुद्धच लिहिलेलं असणार, असू दे. या खेपेला मी मत द्यायला जाणार नाही. बाहेर तिची छत्री धरून उभा राहीन. एकदा तरी तिचं मोजलं जाऊ दे. हे मात्र तिला आधी सांगू नका. माझं मत खोडायला मिळणार नाही असं कळलं, तर ती यायची नाही.