उपडा कप

अण्णा,

चहा सोडून आज सोळा दिवस झाले. पहिले चार दिवस डोकं असं ठणकत होतं, की गिऱ्हाइकाने नुसतं "घड्याळ मागे पडतंय" म्हटलं तरी मी अंगावर धावून जात होते. तुम्ही सोडलात तेव्हा तुमचंही डोकं दुखलं असेल का, हे मी कधी विचारलं नाही. उलट तुमच्या घड्याळाच्या दुकानात सगळ्यांदेखत टोमणा मारला, "लोक काशीला जाऊन आवडती वस्तू सोडतात, आमच्या अण्णांनी कसबा पेठेतच उरकलं!" तुम्ही कप उपडा घातलात आणि एवढंच म्हणालात, "पित्त होतं गं."

महिनाभरातच तुम्ही दुरुस्तीच्या टेबलावरून उठून काउंटरवर जाऊन बसलात. "माझी नजर गेली. आता तू बस इथे." तोवर मी फक्त सेल बदलायचे, पट्टे बसवायचे. तुम्ही स्वतःचं भिंग माझ्या हातात दिलंत. एक जुनं गिऱ्हाईक कुरकुरलं, "मुलीच्या हातात द्यायचं घड्याळ?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तुमच्या हातात होतं तेव्हाच बंद पडलंय ना?" मी हसले, पण मनातून कुढत होते. वाटायचं, काम माझ्यावर ढकलून अण्णा आरामात पेपर वाचतायत.

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. गेल्या महिन्यात केसाएवढी बारीक स्प्रिंग बसवताना माझ्या हातातला चिमटा थरथरला. दोनदा, तीनदा. हातच गेला तर या टेबलावर माझं काय काम? डॉक्टर म्हणाल्या, "दिवसाला आठ कप? आधी चहा बंद करा, मग बघू." त्यांच्या जिन्यातच मला तुमचा उपडा कप आठवला. आणि हेही आठवलं, की पेपरातल्या बारीक अक्षरातल्या निधनवार्ता तुम्ही चष्म्याशिवाय वाचून दाखवायचात. पेपर मात्र कायम काउंटरवर पसरलेला असायचा, हातात धरलेला कधीच नाही. नजर कुठे गेली होती, अण्णा? हात गेला होता. चहा सोडूनही थरथर थांबेना, तेव्हा तुम्ही कुणाला काही न सांगता उठलात, आणि जागा अशी दिलीत की जणू तिथे बसून मीच तुमच्यावर उपकार करत होते. माझं घर त्याच टेबलावर उभं राहिलं.

आज स्प्रिंग पहिल्याच वेळेला बसली. हात जराही हलला नाही. इतकं हायसं वाटलं, आणि लगेच रडूही आलं. तुम्हाला हा दिवस मिळाला नव्हता.

हे पत्र पाठवणार कुठे? स्क्रूंच्या डब्याखाली ठेवून देईन. एक मात्र कबूल करते. चार वाजता शेजारचे दुकानदार नेहमीसारखे दोन कप घेऊन आले. मी माझा परत केला. "अहो ताई, तुम्ही आणि चहा सोडलात? झालं काय?"

मी म्हटलं, "पित्त होतं हो."