तण राखायचे पैसे

४ मार्च
झालं! सही ठोकली. ओढ्याकाठचा दहा पावलं रुंदीचा पट्टा पाच वर्षं तसाच ठेवायचा — नांगर नाही, विळा नाही, फवारणी नाही. गवतात घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी. आणि त्याबद्दल सरकार मला दरवर्षी अनुदान देणार! काही न करण्याचे पैसे. माझ्या अंगच्या गुणांना एवढा भाव आजवर कोणी दिला नव्हता.

त्यातून ट्रॅक्टरवाल्याचं भाडं सुटेल, म्हणजे वरचं शेत माझं मलाच करता येईल. हे गेले त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून धाकट्या भावजींचं एकच पालुपद — वहिनी, झेपत नसेल तर शेत माझ्याकडे कसायला द्या. देते हं! बसा वाट बघत.

१९ मार्च
पट्ट्यात काय रान माजलंय! दूधवाली काठावरून जाताना थांबली. म्हणाली, तब्येत बरी नाही का तुमची?

२ एप्रिल
ओढ्यापलीकडे भावजींच्या काठालाही कमरेएवढं गवत. अनुदान नाही, काही नाही, नुसता आळस. आणि मला शेती शिकवतात!

१८ एप्रिल
कचेरीचं पत्र. तीन दिवसांनी तपासणीला येणार.

२० एप्रिल
अंग मोडून आलंय. कालपासून विळा घेऊन सगळा पट्टा साफ केला. परकं माणूस शेत बघायला येणार आणि आपल्याकडे हे असं? लोक शेण घालतील तोंडात. दगडसुद्धा वेचले, कडेने खराटा फिरवला. हाताला फोड आलेत, पण पट्टा कसा लख्ख! आता खुशाल यावं त्यांनी.

२१ एप्रिल
तपासणीच्या बाई आल्या. हातात टेप. इकडेतिकडे बघून म्हणाल्या, पट्टा कुठाय? मी मोठ्या अभिमानाने दाखवला — हा काय! त्यांनी एकदा जमिनीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"हे तुम्ही कापलंत?"

"तुम्ही येणार म्हणून," मी म्हटलं.

बोलता बोलताच डोक्यात उजेड पडला. पाहुणे येणार म्हणून घर झाडावं, तसं मी अनुदानच झाडून टाकलं होतं! आपल्याच पायावर धोंडा — तोही स्वतः वेचलेला.

बाई मनाने बऱ्या. म्हणाल्या, ओढ्याला लागून तेवढाच न कापलेला पट्टा आठ दिवसांत दाखवा. शेजाऱ्याचाही चालेल, फक्त त्याची सही आणा. शेजारी म्हणजे कोण? भावजी! आणि सही नाही मिळाली तर अनुदान गेलं, ट्रॅक्टर गेला, शेतही त्यांच्याचकडे जाणार.

२२ एप्रिल
गेले नाही.

२३ एप्रिल
गेले नाही. डोकं दुखत होतं. (दुखत नव्हतं.)

२६ एप्रिल
गेले एकदाची. सहीच्या बदल्यात शेत मागणार, याची खात्रीच होती. काय काय सुनवायचं ते वाटेत दोनदा घोकलं. भावजींनी कागद वाचला. पाच वर्षं काठाला हात लावायचा नाही, या ओळीवर क्षणभर बोट ठेवलं आणि सही केली. शेताचं नावसुद्धा काढलं नाही. एवढं पाठ केलेलं भांडण फुकट गेलं!

घरी आले तरी चैन नाही. यात कुठेतरी पाणी मुरतंय.

९ मे
मंजुरी आली. भावजींना सांगायला गेले आणि न राहवून विचारलंच — तुमच्या काठाला एवढं गवत कसं हो? ते म्हणाले, "दादानं मला पोहायला तिथेच शिकवलं, वहिनी. तो गेल्यापासून तिकडे जाववत नाही."

दोन वर्षं मी त्याला आळस म्हणत होते.