हिला शिस्त लावताना

२ मार्च
दुसऱ्या मजल्यावर पोचून मागे पाहिलं, तर ही खालच्या जिन्यातच बसलेली. पिशव्या माझ्या हातात, म्हणजे ओझ्याचंही निमित्त नाही. अहो, जरा दम घेऊ द्या म्हणाली. दिला. तेवढ्यात शेजारीण पाणी घेऊन आली. उगाच शोभा.
कारण उघड आहे. व्यायाम नाही. उद्यापासून रोज फेरी.

५ मार्च
फेरी नाही. हिचे पाय सुजलेत, चप्पल चढत नाही. मोठी घ्यायला हवी.
हृदय अशक्त झालंय असं डॉक्टर म्हणतात. या वयात कुणाचं धडधाकट असतं?
मुलीचा फोन. बाबा, आईकडे लक्ष आहे ना? म्हटलं, दिवसभर दुसरं करतो काय.

८ मार्च
सूज उतरायला डॉक्टरांनी दिलेल्या संध्याकाळच्या लघवीच्या गोळीमुळे ही रात्रभर उठते. दिवा, कडी, नळ. माझ्या झोपेचं खोबरं. आजपासून ती गोळी बंद. एवढ्यासाठी डॉक्टर कशाला, कॉमन सेन्स पुरे. ही म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं. वाद नाही. सुधारणा आहे.

११ मार्च
झकास झोप. हिचं वजनही वाढलं. अंगी लागतंय.

१४ मार्च
आडवं झालं की गुदमरतं म्हणून ही खुर्चीत बसून झोपते. रुसण्याची नवी तऱ्हा. समजूत काढायला गेलो नाही. लाड केले की वाढतात. पलंग ऐसपैस मिळतो.

१५ मार्च, दुपार
शेजारीण आत आली. काका, काकूंचे ओठ बघा, निळे पडलेत म्हणाली. मी चष्मा शोधत होतो. तोवर तिने ॲम्ब्युलन्स बोलावली. भोचक बाई.

१६ मार्च
हॉस्पिटल. फुप्फुसांत पाणी. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या वेळेवर होत्या? मी बोलणारच होतो, पण त्याआधी ही मास्कमधून म्हणाली, मीच विसरले. मुलगी म्हणाली, आई, तू आणि विसरशील? विचारलं आईला, पाहिलं माझ्याकडे. मी खिडकीबाहेर पाहिलं.
विसरतेच ती. वय झालंय. घरी आली की गोळ्यांचं सगळं मी माझ्याकडे घेणार.

१९ मार्च
उद्या डिस्चार्ज. हिच्या बाजूला तीन उशा रचल्या. दूध तापवून ठेवलं.

२० मार्च
सकाळी मुलगी हिला परस्पर आपल्या घरी घेऊन गेली. गाडीत मागे जागा होती. मी हॉस्पिटलच्या दरवाजापाशी उभा होतो. हिने काच खाली केली, दूध फ्रीजमध्ये ठेवलंत का विचारलं. नव्हतं ठेवलं. मग नासलं असेल, टाकून द्या म्हणाली.
घरी येऊन टाकलं.