उपवासाच्या मापाचं चिलखत

कोलोन, सेंट मार्टिनच्या सणानंतरचा सहावा दिवस

तीर्थरूप गोबेलमामांना भाचा टिलमान याचा साष्टांग दंडवत. (लिहायला साष्टांग लिहिलंय, पण सध्या मला वाकता येत नाही. कारण पुढे येईल.) मामींचे गुडघे कसे आहेत? आखेनच्या थंडीत त्यांना जपा. आपली नालांची भट्टी आणि ते चावरं खेचर, दोन्ही धडधाकट असतील अशी आशा करतो.

पत्रास कारण की मी उस्ताद झालो. पुन्हा लिहितो, कारण लिहायला बरं वाटतं: मी चिलखतकारांच्या संघाचा उस्ताद झालो. दोनदा नापास झालो तेव्हा आपण भर पंगतीत म्हणाला होता की टिलमानच्या कड्यांतून उंदीर सहकुटुंब जाईल. मी ते मनाला लावून घेतलं नाही (फक्त रोज आठवायचं). या खेपेला हुकलो असतो तर स्टीनाच्या बापाने तिला त्या मेणबत्तीवाल्याला दिली असती, कारण उस्ताद झाल्याशिवाय आमच्या संघात लग्नाला परवानगीच नाही. म्हणून कडीत कडी ओवून प्रत्येकीत खिळी ठोकली, अशा सव्वीस हजार, आणि एकही ठोकताना मेणबत्तीवाला डोळ्यांसमोरून हलला नाही.

परीक्षेची रीत आपल्याला ठाऊक आहे. उमेदवाराने आपलं चिलखत स्वतः घालायचं, ज्येष्ठ उस्तादाने त्यावर खंजीर मारायचा, आणि मग ते उतरवून आतून कडी न् कडी तपासायची. माझं चुकलं एवढंच, की माप मी ईस्टरआधीच्या उपवासात घेतलं. तेव्हा मी चाळीस दिवस खारवलेल्या हेरिंग मासळीवर होतो आणि बरगड्या लांबूनही मोजता येत होत्या. परीक्षा आली थेट नोव्हेंबरात, सेंट मार्टिनच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी. सणाला स्टीनाच्या आईने हंस भाजला होता. (एकच नव्हता. होणाऱ्या सासूला नाही म्हणायची कुणाची टाप आहे?) तरीही हात वर करून श्वास सोडला, दोघांनी खाली ओढलं आणि बसलं बुवा.

ज्येष्ठ उस्ताद विनांड यांनी (वय सत्तर, आजवर कुणाला बरं म्हटलेलं नाही) खंजीर मारला. खंजिराचं टोक वाकलं. मग म्हणाले, "उतरव." मी नेहमीसारखं, पण जमेल तेवढंच, कमरेत वाकून अंग झाडलं. एरवी चिलखत आपल्याच वजनाने डोक्यावरून घसरतं, हे जागचं हललं नाही. "आत काय लपवलंयस रे?" त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं, "हंस." मग त्यांनी माझे पाय तुळईला बांधून मला उलटं टांगलं आणि दोन्ही बाह्यांना एकेक उस्ताद लोंबकळला. दोघेही खात्यापित्या घरचे. मामा, एक खिळी निघाली नाही की एक कडी ताणली गेली नाही. शेवटी विनांड म्हणाले, "चाळीस वर्षांत असं चिलखत पाहिलं नाही. उतरवा पोराला, तपासायचं काही उरलं नाही." तिथंच गळ्यापाशी संघाची पितळी शिक्क्याची कडी बसली. मी उलटाच होतो, पण रडलो, आणि आसवं कपाळावरून गेली.

मेणबत्तीवाला अभिनंदनाला आला तेव्हा मी त्याला छातीवर एक ठोसा मारून बघायला सांगितलं. सध्या बिचारा हात गळ्यात बांधून फिरतोय.

आपला विजयी भाचा,
उस्ताद टिलमान

ता.क. लग्न पुढच्या मंगळवारी आहे. आपण सोमवारीच यावं. येताना जुनी नाल उपटायची ती मोठी पक्कड आणावी.

आणखी ता.क. शिक्का बसलेल्या चिलखताची कडी संघातल्या कुणीही वर्षभरात उघडली तर उस्तादकी रद्द होते. मीही संघातलाच. पण मामा, आपण पडलात नालवाले, आपल्याला हा नियम लागू नाही. पोट उतरेपर्यंत थांबलो असतो, पण उस्ताद जावई म्हणून सासूबाई आता दोन्ही वेळा हंस वाढतात. स्टीना म्हणते, तिची काही हरकत नाही, पण मिठी मारली की वेणी अडकते.

शेवटचा ता.क. ते उंदराचं बोलणं आपण आता मागे घ्यावं. सहा दिवस मी स्वतः आतून प्रयत्न करतोय.