आईचं विरजण आणि चांदीचा चमचा

२ एप्रिल २००७, सकाळी ६.४०
उठल्याबरोबर उगाच आठवलं. मी आणि वच्छला, दोघी नऊ वर्षांच्या. आईने दूध विरजून गाडगं कोपऱ्यात ठेवलं आणि आम्हाला राखणीला बसवलं. लागेपर्यंत हात लावायचा नाही, हलवायचं नाही. मांजरापेक्षा आईला माझीच भीती जास्त होती. वच्छलाच्या ओच्यात चिंचा होत्या. दुपारभर दोघी गाडग्याकडे बघत चिंचा चोखत बसलो.
तेच विरजण पंचावन्न वर्षं चालू आहे. आईकडून माझ्याकडे, आणि पाडव्याला माझ्याकडून वच्छलाच्या बचत गटातल्या दहा जणींकडे. दोन वर्षं कापसाने हात दिला नाही म्हणून या बायका हायवेवरच्या उत्तमसिंगच्या ढाब्याला दही पुरवतात. मी टेक्निकल अ‍ॅडव्हायझर. तीस वर्षं पांढरकवड्यात बायोलॉजी शिकवल्यावर एवढं करायलाच हवं.
संकल्प: रोज सकाळी ऑटोने वच्छलाच्या गावात जाऊन दहाही घरचं दही चमचाभर चाखायचं. चमचा आईचा, चांदीचा. चांदीवर जंतू टिकत नाहीत, त्यामुळे धुण्याचा वेळ वाचतो. रुमालाने पुसलं की झालं.

४ एप्रिल
पांढरकवड्याच्या बाजारात सहा दुकानांचं दही चाखलं. स्पर्धकांचा अभ्यास. सगळं भिकार. चमचा अर्थात माझाच, त्यांच्या चमच्यांचा भरवसा काय.
घरी आल्यावर नेहमीसारखा आईच्या विरजणाच्या वाटीत बुडवून ठेवला. चमच्याला चवीची सवय राहते.

९ एप्रिल, सकाळी ११
चार घरचं दही सैल. कारण स्पष्ट आहे: घाई. बायका गाडगं हलवून बघतात. अर्धा तास बोलले. मानीबाई माझ्यासमोर जांभई देत होती. ती तांड्यावरून येते, दही तिचं घट्ट, म्हणून जांभई परवडते.
आपल्या घरचंही दही आठवडाभर सैल आहे. दूधवाला पाणी घालतो. श्रीकृष्णने जेवताना विचारलं की आजही कढीच का. नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेल्या नवऱ्याला दह्यातलं काय कळणार.

१२ एप्रिल
नऊ घरं सैल. उत्तमसिंगचा निरोप: ड्रायव्हर लोक पराठ्याबरोबर दही मागतात आणि पुढ्यात आलेलं बघून ग्लास मागतात. आणखी पंधरा दिवस बघतो, मग पाकिटातलं दही आणतो.
वच्छला म्हणाली, बायांचं रोज दूध नासून राह्यलं, म्याडम, काही करा.
म्याडम. तिने मला शीले सोडून म्याडम म्हटलं की ती चिडलेली असते. मी मनावर घेतलं नाही. फक्त दोनदा चहा नको म्हणाले.

१३ एप्रिल, सकाळी ८
सापडलं! फेज. बॅक्टेरियाला मारणारा व्हायरस. दही लावणारे बॅक्टेरियाच मरतायत, मग दूध लागेल कसं? तीस वर्षं मी हा प्राणी फळ्यावर काढला आहे. वर पैलू पाडलेलं डोकं, खाली शेपटी, शेपटीला कोळ्यासारखे पाय.
समाजमंदिराच्या भिंतीवर खडूने काढून समजावलं. हा स्वतः काही करत नाही. खात नाही, वाढत नाही, नुसता पडून असतो. दह्यातला जंतू भेटला की त्याच्या अंगावर उतरतो, भोक पाडतो आणि आपला एक धागा आत सोडतो. टरफल बाहेरच. त्या धाग्यात एवढंच लिहिलेलं असतं की तुझं काम सोड आणि माझी पोरं तयार कर. बिचारा जंतू निमूटपणे डोकी बनवतो, शेपट्या बनवतो, जुळवतो. अर्धा-पाऊण तासात आत पन्नास-शंभर तयार, मग जंतू फुटतो आणि ते शंभर पुढच्या शंभरांवर उतरतात. दुपारपर्यंत गाडग्यात दही लावायला कोणी उरत नाही.
वच्छलाने विचारलं, मंग हा एका घरातून दुसऱ्या घरात जाते कसा? त्याले पाय हायेत पण चालता येत नाही म्हणता.
प्रश्न हुशार होता. कोणीतरी नेत असणार, मी म्हणाले. ओली वस्तू, न उकळलेली, दही लागलेली. अशी वस्तू घेऊन घरोघर फिरणारं कोण आहे ते शोधायला हवं.
सगळ्याजणी माझ्याकडे बघत होत्या. इतकं लक्ष बी.एस्सी.च्या वर्गातही कधी मिळालं नाही.

१६ एप्रिल
आजचा पाठ: फेजची दुसरी जात. ही लगेच फोडत नाही. आपला धागा यजमानाच्या धाग्यात विणते आणि गप्प राहते. जंतूचे दोन झाले की हीही दोघांत. पुढे यजमानावर वाईट दिवस आले की मग खरं रूप दाखवून घर फोडून बाहेर पडते. उदाहरण म्हणून श्रीकृष्णच्या काकू सांगितल्या. चार दिवसांसाठी आल्या होत्या, अठरा वर्षं राहिल्या. बायकांना चटकन समजलं.
संशय मानीबाईवर. सगळ्यांचं जातं, तिचं का नाही? चाखायला दिलेली वाटी ती माझ्यादेखत आत नेऊन वेगळी ठेवते. लपवण्यासारखं काही नसेल तर वेगळी कशाला?

२१ एप्रिल, सकाळी ९
तीन दिवस नागपूरला होते, केतकीचं, म्हणजे भाचीचं लग्न. चमचा बरोबर नेला होता. लग्नातला मठ्ठा आंबट.
परत येते तर दहाही घरचं दही विटेसारखं! वच्छलाने माझ्या मागे सगळी गाडगी, पळ्या, झाकणं खळखळ उकळली, जुनं विरजण फेकलं आणि मानीबाईकडून नवीन वाटलं. ठीक आहे. पण मुळात माझ्या व्याख्यानांचा हा परिणाम, हे कोणी बोललं नाही. कॉलेजच्या हॉस्टेलवरच्या सिस्टर अगाथा म्हणायच्या, कौतुकाची वाट पाहू नये. मी पाहत नाही. नुसतं लिहून ठेवते आहे.
उद्यापासून फेरी पुन्हा सुरू.

२३ एप्रिल
आठ घरं सैल. मानीबाईचं घट्ट.
ढाब्यासाठी चारच दिवस उरले. त्यात आज गावात पाहणी समिती आली होती. यंदा कापसापेक्षा समित्यांचं पीक जोरात आहे. साहेबांनी टोप्या सावरत पूरक व्यवसाय पाहिला, दही पातळ आहे अशी नोंद केली आणि दोन-दोन ग्लास पिऊन गेले.
मी वच्छलाला सांगितलं की मानीबाईला गटातून काढ. वच्छलाने हातातलं गाडगं खाली ठेवलं. मग म्हणाली, तू ते परीक्षेतलं प्रयोगाचं काहून नाही करत? ज्याच्यात खरं-खोटं निघते?
ती मला तू म्हणाली. बरं वाटलं.

२५ एप्रिल, सकाळी ७
प्रयोग. काल सगळं पुन्हा उकळलं, मानीबाईचंच विरजण सगळीकडे. फेरी बंद, चमचा घरी. आज दहा घरांच्या गाडग्यांचं धुवण बाटल्यांत आणलं. अकरा वाट्या उकळून त्यांत सारखं दूध, सारखं विरजण, आणि दहा वाट्यांत एकेका घरचं धुवण. ज्या वाटीचं दही लागणार नाही, ते घर गुन्हेगार.
अकरावी कंट्रोल, म्हणजे तुलनेला. तिच्यात माझा चमचा बुडवला. निर्मळ वस्तू घालून दाखवली की परीक्षकाला बरं वाटतं.
निकाल दुपारी. वच्छलाला आणि मानीबाईला बोलावलं आहे, साक्षीला.

२५ एप्रिल, दुपारी २.१५
दहा वाट्या उलट्या केल्या तरी दही पडत नाही.
अकरावी सैल. वाटीत काहीतरी दोष असावा.

२६ एप्रिल
वाटी बदलली. सैल.

२७ एप्रिल, सकाळी १०
दूध बदललं, वाटी बदलली, खिडकी बंद केली. चमचा वीस मिनिटं उकळला, नुसतं बघायला. त्या वाटीचं दही लागलं. न उकळता, आईच्या विरजणाच्या वाटीतून थेट काढून बुडवला, त्या वाटीचं नाही.
श्रीकृष्ण शेजारी उभा होता. म्हणाला, बाजारातली सहा दुकानं तू याच चमच्याने चाखली होतीस ना? इतकंच. मग स्वतःच कढी गरम करायला गेला.

२८ एप्रिल, सकाळी ६.३०
काल मानीबाई येऊन गेली. तिने स्वतःच सांगितलं: आमच्या सासूचा कायदा हाय बाई, दह्याच्या गाडग्यात दुसऱ्याचा चमचा जात नाही. तुमाले नाही म्हणता येत नव्हतं, म्हणून चाखायले वाटी वेगळी काढत जाओ. खाली मान घालून सांगत होती, जणू तिचंच चुकलं. मग म्हणाली, तुमच्या आईचं विरजण माह्याकडं हाय, जसंच्या तसं.
माझ्याकडे नाही. पंचावन्न वर्षं सांभाळलं आणि तीन आठवड्यांत मीच मारलं. दहा घरचं दूध वाया घालवलं ते वेगळंच. आणि जिने वाचवलं तिला गटातून काढा म्हणत होते.
उत्तमसिंगला काल घट्ट दही गेलं. पाकीट आणणार नाही म्हणाला.
आता वाटणी. श्रीकृष्ण विसरतो, म्हणून लिहूनच ठेवते.
अ‍ॅडव्हायझरचं पद मानीबाईला. ऑटोवाल्याला सांगायचं की सकाळची फेरी बंद, पैसे त्याने ठेवावेत. रंगीत खडूंचा डबा गावच्या शाळेला. समाजमंदिराच्या भिंतीवरचा फेज पुसू नये, पण खाली माझं नाव आहे तेवढं पुसावं. चमचा पुन्हा वीस मिनिटं उकळून, कोरडा करून लेकीला, अर्पिताला, ती येईल तेव्हा. आजीचा आहे एवढंच तिला सांगायचं. आईची विरजणाची वाटी उकळून मानीबाईला. तिच्यातून आठवड्याला एकदा वाटीभर दही श्रीकृष्णसाठी यावं, ते तिने पाठवावं, मी आणायला जाणार नाही.
वच्छलाला काय द्यावं सुचत नव्हतं. सकाळी तिचाच निरोप आला: शीले, गाडगं लावलं हाय, राखण बसायले ये, चिंचा हायेत. म्हणून वच्छलाला, रोज सकाळचा माझा एक तास. रिकाम्या हातांनी. ही अट तिची आहे.