काकडीवाल्या राजाची राणी

पगान

बाबा,

इथूनच गुडघे टेकून नमस्कार करते. मी बरी आहे, जेवणाचे हाल नाहीत.

पण डोकं फिरलंय. काल जत्रेत आमचं काकडीवाल्या राजाचं नाटक होतं. न विचारता काकडी तोडणाऱ्या राजाला शेतकरी मारतो आणि राणी त्यालाच गादीवर बसवते, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. आमच्या मंडळीचे मालक ऊ सान तिन म्हणाले, "पुढच्या रांगेत जिल्ह्याचे साहेब बसणारेत, त्यांच्यासमोर राजाला मारलेलं चालणार नाही. राजा काकडी घशात अडकून मरेल."

"मग शेतकऱ्याला राज्य कशाबद्दल? काकडी गोड होती म्हणून?"

"तू राणी आहेस ना? मग सांगितलंय तेवढंच बोल."

मी ऐकलं नाही. भर खेळात शेतकऱ्याचा हात धरून म्हणाले, "मळ्यात शिरला म्हणून तू राजालाही सोडलं नाहीस. आता माझं राज्य असंच राख."

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. साहेबसुद्धा हसले. तरी मालकांनी मला काढलं. राणीचं काम आता त्यांची मेहुणी करणार.

तुमचा खोकला कसा आहे? माझं काम गेलं, हे आईला हळूच सांगा. आणि मुखियाची गुरं पुन्हा आपल्या मळ्यात शिरली, तर या वेळी त्याच्यापुढे हात जोडू नका. मी घरी येतेय.

तुमची लेक,
ए म्या