चौथ्या भाषेची आजी

३ नोव्हेंबर, सोमवार

मॅडमचा मेल. भाषांचा प्रकल्प डिसेंबरअखेर बंद होतोय, त्याआधी चौथीचा निकाल लाव म्हणे. निकाल लाव. जशी काही मी कोर्टात खुर्ची टाकून बसलेय.

चौथी म्हणजे वेमाआजीची भाषा. पापुआ न्यू गिनीत एका नदीच्या वरच्या अंगाला चार गावं, चार भाषा. पहिल्या तिघी सख्ख्या बहिणी, त्यात वाद नाही. एकीचे शब्द दुसरीच्या शेजारी ठेवले की चेहरेपट्टी लगेच कळते. चौथीची वाक्यं त्यांच्यासारखीच चालतात, क्रियापदाला शेपटं तशीच लागतात, पण ऐन घरातले शब्द भलतेच. विस्तव, पाणी, दगड, कुत्रा. हे शब्द भाषा सहसा टाकत नाही. म्हणून मॅ.चं मत, ती कुळाबाहेरची, एकटी.

बोलणारी एकच उरलीय, वे.आजी. तिच्यानंतर विचारायला कुणी नाही.

मला ती एकटी नकोय. याला शास्त्रीय कारण नाही, माहितीय. मॅ.ना सांगणार नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज लूम बंद. भिवंडीत, आमच्या कामतघरात, आठवड्यातून हाच एक दिवस कानाला काही ऐकू येतं. बाकीचे दिवस भिंतीपलीकडे मागांची खटाखट, हेडफोन लावूनही दातात वाजतं. म्हणून रेकॉर्डिंग सगळी शुक्रवारी ऐकते, इतर दिवशी नुसते तक्ते.

मायकलची जुनी फाइल पुन्हा लावली. मायकल म्हणजे वे.आजीच्या भावाचा नातू. तालुक्याच्या गावात शाळामास्तर. वाढला पिसिन, म्हणजे तिकडची बाजारभाषा, बोलत, आजीची भाषा त्याला येत नाही, त्याची त्याला लाजही वाटते. सुट्टीत बोटीने वर जातो, फोनवर आजीला रेकॉर्ड करतो, मला पाठवतो. मला सिस्टर म्हणतो. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नाही.

कोंबड्या. आजीचा खोकला. तो चुलीकडे बोट दाखवून विचारत असणार, हे काय. आजी गप्प. मग मागे बायका हसतात. मग आजी एक लांबलचक शब्द सांगते.

पाण्याच्या वेळीही असंच. दगडाच्याही. मी त्या गप्पपणासमोर ‘आठवायला वेळ लागला’ असं लिहून ठेवलंय. पण हात, डोळा, चंद्र हे फटाफट सांगते. मग विस्तवच कसा आठवेना? काहीतरी खटकतंय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बाबांचा पहिला स्मृतिदिन २३ ला. बॅनरचं काम नारपोलीच्या एका प्रिंटरकडे दिलंय. मी अंघोळीला गेले होते, तेवढ्यात त्याचा फोन आला, आईने घेतला. तो विचारतोय, कालकथितच्या पुढे नाव काय टाकायचं. आई म्हणते, थांबा जरा. तो म्हणतो, नाव तेवढं सांगा, प्लेट लावायचीय. आई पुन्हा, थांबा जरा. शेवटी फोन घेऊन शेजारी शबानाभाभीच्या दारात. “तूच सांग गं याला.” भाभीने ओरडून सांगितलं, “दगडू लिखो, भाई, दगडू. हाँ, वही.” आणि आईने शेजारी उभं राहून मान हलवली. फोनवरच्या माणसाला मान दिसते का. मी ओल्या केसांनी दारात उभी राहून हसत होते. मग हसता हसता रडायला आलं, तेही लिहून ठेवते.

आईने बाबांचं नाव आयुष्यात घेतलं नाही. नुसतं नावच नाही. तिच्या तोंडी दगड हा शब्दच नाही. धोंडा म्हणते. वाण्याकडे मसाल्याचं दगडफूल मागताना “ते काळं फूल दे” म्हणते, वाणीही देतो. लहानपणापासून ऐकत आलेय, कधी त्यावर विचार केला नाही.

संध्याकाळी भाकरी थापताना आईला विचारलं, आता बाबा नाहीत, आता घे की नाव. “कशापायी? त्ये न्हाय म्हनून काय मी पन न्हाय काय?”

उद्या कुणी परदेशातून येऊन एकट्या आईला धरून मराठी लिहून घेतली, तर मराठीत दगड हा शब्दच सापडायचा नाही. आणि मग तो म्हणेल…

अरे देवा. वे.आजी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवसभर ऐकलं. विस्तवाचा तो लांब शब्द फोडला. बाकीच्या वाक्यांतून तुकडे ओळखीचे निघाले. ‘ज्याच्यापाशी बसतात ते.’ पाणी म्हणजे ‘वाहतं ते’. कुत्रा म्हणजे ‘मागे येतो तो’. हे मूळ शब्द नाहीत. हे वळसे आहेत, आईच्या काळ्या फुलासारखे.

त्या भागात सासरच्या माणसांची नावं घेत नाहीत, नावासारखे शब्दही टाळतात, हे मी पुस्तकात वाचलेलं. परीक्षेत लिहिलेलंही. इतके महिने समोर होतं आणि दिसलं नाही. आपल्या घरात चालतं ते तिकडेही चालत असेल, हे डोक्यातच आलं नाही.

मायकलला विचारलं, आजीच्या नवऱ्याचं नाव काय होतं? सासऱ्याचं? दिरांचं? तो माहेरचा, त्याला घेता येत असेल तर.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आला मेसेज. दिवसभर नेटवर्क नव्हतं म्हणे, टेकडीवर चढून पाठवला.

नवरा: तोमुग.

तिघी बहिणींमध्ये विस्तवाला तोमुक, तोमुक, तोमू. सासऱ्याचं नाव त्यांच्या पाण्याजवळ जातं. थोरल्या दिराचं त्यांच्या दगडाजवळ. धाकट्याचं मात्र कशाशीच नाही, कुत्र्याशीही नाही.

आईला मिठी मारली. तिला वाटलं पक्की नोकरी लागली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मॅ.शी कॉल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्या चांगल्याच आहेत, मलाच उगाच राग येतो. “सुरेख. पण ही नावं आहेत, शब्द नाहीत. नावं सोयऱ्यांच्या गावातून येतात. शेजारच्या गावची सून आली, तिने पोराला आपल्या बापाचं नाव दिलं, झालं. त्यावरून कूळ ठरत नाही.”

बरोबर आहे. मीही हेच शिकवते क्लासला.

“तिच्याकडून कळायला हवं. लहानपणी, लग्नाआधी, ती विस्तवाला काय म्हणायची?”

म्हणजे तिने तो शब्द एकदा कबूल करायला हवा. एका होकारावर चौथी घरात येते. नाहीतर ती कायमची बाहेर, आणि हे पुन्हा तपासायला जगात कुणी नसेल.

मा. सांगतो, आजीने खाणं कमी केलंय.

१९ नोव्हेंबर, बुधवार

युक्ती सुचली. तिला म्हणायला लावायचंच नाही. मायकलने म्हणायचं, तिने नुसती मान हलवायची. शबानाभाभी आणि आई, तसंच. मला केवढी हुशार वाटले मी. मायकलला सविस्तर लिहिलं. त्याचं उत्तर: “सिस्टर, आजीसमोर हे नाव कुणी घेत नाही. आजोबा गेले तेव्हापासून.” मी लिहिलं, तू माहेरचा आहेस, तुला चालेल. एकदाच. नाहीतर भाषा एकटी राहील.

तो म्हणाला, बरं.

वर्ग दुसऱ्या मास्तरावर सोपवून बोटीने जाणार, दोन दिवस जायला.

२३ नोव्हेंबर, रविवार

बाबांचा कार्यक्रम झाला. टेमघरचे काका, आत्या, गल्लीतले सगळे. वंदना झाली, खीर झाली. बॅनरवर नाव मोठ्या अक्षरात आलंय, फोटोत बाबा जरा रागावलेले दिसतात. हयातीत कधी रागावले नाहीत. लूममध्ये राबून कान गेले होते त्यांचे, कुणी काही बोललं की नुसतं हसायचे. फार आठवण आली. इतकी येईल असं वाटलं नव्हतं, वर्ष झालं म्हणून.

पंगत उठेपर्यंत फोन तीनदा पाहिला. मायकलचं काही नाही. स्वतःच्या बापाच्या दिवशी.

२६ नोव्हेंबर, बुधवार

फाइल आली. शुक्रवारपर्यंत थांबवलं नाही. लूम चालू असतानाच उशी कानावर दाबून ऐकली.

कोंबड्या. मा. पिसिनमध्ये: आजी, मी एक शब्द म्हणतो. तू लहान असताना विस्तवाला हेच म्हणायचीस का? बोलू नको, मान हलव. मग हलक्या आवाजात: तोमुग.

काही नाही.

मग एक आवाज. मला वाटलं खोकला. खोकला नव्हता. आजी रडत होती. बराच वेळ. मागच्या बायका या वेळी हसल्या नाहीत. मग मायकलचा आवाज, काहीतरी समजावतोय, आणि रेकॉर्डिंग बंद.

खाली त्याने लिहिलंय: “तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मान हलली. पण रडताना हलते तशी हलली. हो म्हणाली का, मी सांगू शकत नाही. सॉरी, सिस्टर.”

सॉरी तो म्हणतोय. मला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

शांततेत परत ऐकलं. रडण्याआधी एक छोटा श्वास आहे. तो ओळखीचा श्वास आहे का? ओळखीचा नसता तर रडली कशाला? पण ती शब्दाला ओळखून रडली की माणसाला? नवऱ्याचं नाव इतक्या वर्षांनी कानावर पडलं तर कुणीही…

मॅ.: “रडण्यावरून काही ठरवता येणार नाही.” आणि मग, “तू बरी आहेस ना?” मी म्हटलं, हो.

राहवलं नाही, आईला सगळं सांगितलं. तिने गॅस बंद केला, माझ्याकडे बघितलं.

“तुला ठाव व्हतं ना? घरात बघतेस ना रोज?”

मी ताटं काढायला लागले.

“माझ्या म्होरं कुनी असं येऊन म्हटलं असतं तर मी पन त्वांडच झाकलं असतं.”

मला लाज नाही, तरी विचारलंच: मान हलली असती ती हो म्हणून, की नाही म्हणून?

“त्ये मलाच कळलं नसतं, पोरी.”

मग गॅस लावला. चिडली होती, आणि चिडायलाच हवं होतं. म्हातारीला शेवटी शेवटी मी रडवलं. एका तक्त्यातल्या एका रकान्यासाठी.

२ डिसेंबर, मंगळवार

वे.आजी गेली. रविवारी. नवऱ्याशेजारी पुरलं.

मा. म्हणतो, त्या दिवसानंतर ती त्याच्याशी रागाने वागली नाही, उलट तो परत निघताना त्याला सुकवलेली मासळी बांधून दिली. हे तो मला बरं वाटावं म्हणून सांगतोय की खरंच, देव जाणे.

रडले. जिला कधी पाहिलं नाही तिच्यासाठी, हेडफोन गळ्यात अडकवून. तिचा खोकला मला पाठ आहे. आई चहा घेऊन आली, शेजारी बसून राहिली.

आता चौथी भाषा कुणी बोलत नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

तक्ता पूर्ण करायला बसले. कूळ या रकान्यात मॅ. म्हणतात ‘अनिश्चित’ टाक, तळटीपेत तुझा मुद्दा सविस्तर लिही, तुझ्या नावाने जाईल. त्यांनी माझ्यासाठी केलं हे, कळतं. ‘अनिश्चित’ टाइप करून ठेवलंय. सेव्ह केलेलं नाही.

दुपारी मायकलचा व्हॉइस मेसेज. आवाज दमलेला. त्याच्या मुलीच्या शाळेत उद्या प्रत्येकाने आपल्या गावच्या भाषेतला एक शब्द सांगायचाय. “आम्ही चुलीपाशीच बसलो होतो, म्हणून ती म्हणाली, विस्तव सांगते. आता माझ्याकडे दोन आहेत. एक आजी जन्मभर म्हणायची तो. एक मी तिच्यासमोर म्हटलेला. आमचा कुठला, सिस्टर? तक्ते सगळे तुझ्याकडे आहेत, तूच सांग.”

दोनदा ऐकलं. निळ्या खुणा गेल्यात, म्हणजे मी ऐकलं हे त्याला कळलंय. तीनदा टाइप केलं, तीनदा पुसलं. आजीने जपलेला सांगावा तर तो वळसा आहे, शब्द नव्हे. दुसरा सांगावा तर तो तिने तोंडातून जाऊ दिला नाही, आणि तिच्याच घरातली पोर तो वर्गात उभं राहून मोठ्याने म्हणणार. शिवाय तो त्यांचा आहे की शेजारच्या गावचा, हे मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. आणि विचारतोय तो मला, भिवंडीत बसलेल्या बाईला.

लूम चालू आहेत. आई म्हणते जेवून घे.

तिकडे आपल्याआधी उजाडतं.